स्थितप्रज्ञ

स्थितप्रज्ञ ही भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आलेली संज्ञा असून तिचा अर्थ 'ज्याची बुद्धी स्थिर झाली आहे असा मनुष्य' असा होतो. सुख-दुःख, लाभ-हानी आणि भय यांच्या प्रसंगी ज्याचा विवेक ढळत नाही, त्याला स्थितप्रज्ञ म्हटले आहे.

व्युत्पत्ती

'स्थित' आणि 'प्रज्ञा' या दोन संस्कृत शब्दांपासून हा बहुव्रीही समास बनला आहे. गीतेत याच अर्थाने 'स्थितधी' हा शब्दही येतो.

गीतेतील संदर्भ

कुरुक्षेत्रावर समोर आप्तस्वकीय पाहून अर्जुन व्याकूळ होतो व युद्ध करण्यास नकार देतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला समत्वबुद्धीने कर्म करण्याचा उपदेश करतात. अशा स्थिर बुद्धीचा मनुष्य कसा बोलतो, कसा बसतो व कसा चालतो, असा प्रश्न अर्जुन ५४व्या श्लोकात विचारतो. त्याचे उत्तर ५५ ते ७२ या १८ श्लोकांत आले आहे. महात्मा गांधींच्या आश्रमात सायंप्रार्थनेच्या वेळी हे श्लोक म्हटले जात.

लक्षणे

* मनातील सर्व कामनांचा त्याग करून तो आत्म्यातच संतुष्ट असतो.
* दुःखाने तो उद्विग्न होत नाही व सुखाची लालसा धरत नाही.
* कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते, तशी तो इंद्रिये विषयांपासून आवरतो.
* नद्यांचे पाणी येऊन मिळत असताही समुद्र जसा आपली मर्यादा सोडत नाही, तसा तो विषयांनी क्षुब्ध होत नाही.

बुद्धिनाशाचा क्रम

मनाची स्थिरता कशी ढळते, याची साखळी ६२ व ६३ या श्लोकांत दिली आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश होतो. प्रयत्नशील व जाणत्या पुरुषाचे मनही इंद्रिये बळाने ओढून नेतात, असा इशारा ६०व्या श्लोकात आहे. यावर ६४व्या श्लोकात सांगितलेला उपाय विषयांपासून पळून जाण्याचा नाही. राग-द्वेषरहित आणि स्वाधीन इंद्रियांनी व्यवहार करणाऱ्यास चित्ताची प्रसन्नता लाभते व प्रसन्नचित्त मनुष्याची बुद्धी लवकर स्थिर होते, असे तेथे व पुढील श्लोकात म्हटले आहे.

मराठी ग्रंथांतील विवेचन

ज्ञानेश्वरीत (शके १२१२) कासवाच्या दृष्टान्ताचा विस्तार आहे. कासव प्रसन्न असता अवयव पसरते आणि इच्छा होताच आवरते, असे ज्ञानेश्वर सांगतात. इंद्रिये मारणे नव्हे, तर ती आपल्या आज्ञेत असणे महत्त्वाचे, हा अर्थ त्यातून स्पष्ट होतो. सर्वांवर सारखाच प्रकाश टाकणाऱ्या पूर्णचंद्राची उपमाही त्यांनी दिली आहे.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्य' या ग्रंथातील 'सिद्धावस्था व व्यवहार' या प्रकरणात स्थितप्रज्ञाच्या लोकव्यवहाराचा विचार आहे. विनोबा भावे यांनी १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगात या श्लोकांवर दिलेली व्याख्याने 'स्थितप्रज्ञ-दर्शन' या नावाने ग्रंथरूपात उपलब्ध आहेत.

प्रचलित अर्थ

बोलीत कशाचेच सोयरसुतक नसलेल्या मनुष्यासही, कधी उपरोधाने, 'स्थितप्रज्ञ' म्हटले जाते. गीतेतील अर्थ याहून वेगळा आहे. तेथे हा उपदेश शस्त्र खाली ठेवलेल्या योद्ध्याला कर्तव्यास प्रवृत्त करण्यासाठी आला असल्याने, उदासीनता किंवा निष्क्रियता हे स्थितप्रज्ञाचे लक्षण ठरत नाही.