अस्थिवर्धन : एका धीम्या विद्येचा इतिहास

शल्यविद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा शस्त्राविषयी लिहितात. कोणी, कोठे, कोणत्या साली शस्त्र चालविले याच्या नोंदी राहतात. त्यानंतर रोग्याने अंथरुणावर, कुबड्यांवर आणि घरच्या माणसांच्या खांद्यावर भार टाकून जे महिने काढले, त्यांची दप्तरे कोणी ठेवीत नाही. अलीकडे केवळ उंची वाढावी म्हणून धडधाकट तरुण आपल्या पायांची हाडे कापून घेतात, अशा वार्ता आपल्या वाचनात येतात. त्या वाचून कोणी हसतो, कोणी हळहळतो. परंतु ही विद्या कोठून आली, ती इतकी धीमी का आहे, आणि पायात घातलेले लोखंड बाहेर निघेपर्यंत तिची सांगता का होत नाही, याचा विचार क्वचितच होतो. तो येथे थोडक्यात करावयाचा आहे.

बंगळुरात राहणाऱ्या मराठी वाचकाने या विचाराचा आरंभ आपल्या शहरापासूनच करावा. कृष्णराजेंद्र बाजाराजवळ जुन्या किल्ल्याचा जो थोडा भाग उरला आहे, त्याच्या तटावर एक संगमरवरी शिला आहे. २१ मार्च १७९१ रोजी येथे पाडलेल्या खिंडारातून इंग्रजांनी हल्ला चढविला, एवढेच ती सांगते. त्याच वर्षी पुढे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा लॉर्ड कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या, आणि १७९२ च्या मार्चात श्रीरंगपट्टणच्या तहाने ते युद्ध संपले. या युद्धात इंग्रजी लष्करात बैल हाकण्याच्या कामावर शेतकरी जातीचा एक मराठा होता. इंग्रजी नोंदीत त्याचे नाव 'कावसजी' असे आले आहे. तो टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. नाकावाचून त्याने सुमारे एक वर्ष काढले. पुढे कंपनीने त्याला वेतन बांधून दिले आणि पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले.

मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि त्यांचे एक सहकारी अशा दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती. चित्रकार जेम्स वेल्स याने त्या माणसाचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिची हकीकत छापून आली. कारागीर प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवी, तो उलगडून कपाळावर ठेवी आणि त्याभोवती रेघ आखून तेवढी कातडी सोडवी. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधोमध कातडीची एक चिंचोळी पट्टी तो जोडलेलीच राखी. कातडी फिरवून खाली आणली की ती काताच्या लेपाने चिकटवीत, आणि वर तुपात भिजविलेले फडके ठेवीत. पाच-सहा दिवस रोगी उताणा निजून राही. ती मधली पट्टी कापावयाची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक आपल्या जागी रुजल्यावर.

या हकीकतीच्या आधारे लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशीच क्रिया केली, १८१६ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि यूरोपात ही रीत 'भारतीय पद्धती' म्हणून रूढ झाली. आपल्याला येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या आहेत. एक, रक्ताचा ओघ चालू राहील एवढा दुवा राखला तरच देहाचा हलविलेला भाग जगतो. दुसरी, तो दुवा केव्हा तोडावयाचा हे कारागीर ठरवीत नाही, रोग्याचा देह ठरवितो. पुण्याच्या त्या अनाम कारागिराला ठाऊक असलेली ही दोन सूत्रे हाडांच्या बाबतीत हाती येण्यास आणखी दीडशे वर्षे लागली.

हाड ओढून जागेवर आणण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच. भग्न अस्थीच्या उपचारात सुश्रुताने आञ्छन, म्हणजे ताण देणे, ही पहिली क्रिया सांगितली आहे. परंतु आखूड हाड लांब करावयाचे, म्हणजे जेथे हाड नाही तेथे ते उत्पन्न करावयाचे, हा प्रश्न निराळा. इटलीत बोलोन्या येथील अलेस्सांद्रो कोदिविल्ला यांनी १९०५ साली त्याचे पहिले उत्तर प्रसिद्ध केले. आखूड पायाचे हाड कापावयाचे, टाचेतून खिळा घालावयाचा, आणि रोग्याला गुंगी देऊन जोराने पाय ओढून प्लॅस्टरमध्ये बसवावयाचा. तीन ते आठ सेंटिमीटर लांबी त्यांनी मिळविली. त्याच संस्थेतील पुत्ती यांनी व १९२७ साली अमेरिकेतील ॲबट यांनी या क्रियेला यंत्राची शिस्त लावली. तथापि जखमा चिघळणे, मज्जातंतू दुखावणे, हाड न सांधणे ही संकटे काही केल्या सुटेनात. जोर पुष्कळ होता, पण वाट पाहण्याचे शास्त्र अजून कोणाला सापडले नव्हते.

ते सापडले सायबेरियाच्या एका आडगावी. गावरील इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. १९४४ साली वैद्यकीची पदवी घेऊन ते कुर्गान प्रांतातील दोल्गोव्का या खेड्यात डॉक्टर म्हणून गेले. महायुद्धात जायबंदी होऊन परतलेल्या माणसांची हाडे सांधत नव्हती, आणि साधने तर बेताचीच. १९५१ साली त्यांनी एक यंत्र रचले. पायाभोवती पोलादी कडी, कड्यांतून हाडाच्या आरपार गेलेल्या ताणलेल्या तारा, आणि कडी एकमेकांना जोडणारे आट्यांचे गज, असे त्याचे स्वरूप. हेतू असा की, तुटलेली टोके एकमेकांवर दाबून धरावी. पुढे एका रोग्याने नट उलट्या दिशेने फिरविले, टोके जवळ येण्याऐवजी दूर गेली, आणि मधल्या पोकळीत नवे हाड धरू लागलेले क्ष-किरणांच्या चित्रात दिसले, असे सांगतात. कथा काही असो, त्यानंतरची अनेक वर्षे इलिझारोव्ह यांनी प्रयोगांत घालविली आणि त्यातून एक साधा नियम काढला. जिवंत पेशींना हळूहळू व सतत ताण दिला तर त्या वाढतात.

या नियमाचे व्यवहारातील रूप असे. हाड कापताना त्याचे आवरण आणि आतील रक्तवाहिन्या शक्य तितक्या राखावयाच्या. पुण्याच्या कारागिराने राखलेल्या पट्टीचेच हे दुसरे रूप म्हणावयाचे. मग पाच-सात दिवस काहीच करावयाचे नाही. त्यानंतर दिवसातून चार वेळा नटाला पाव फेरा द्यावयाचा. म्हणजे प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर, दिवसाला एक मिलिमीटर. याहून वेग वाढविला तर नवे हाड धरत नाही आणि मज्जातंतू दुखतात. कमी केला तर हाड वेळेआधीच सांधून लांबी खुंटते.

कुर्गानबाहेर या विद्येचा लौकिक झाला तो दोन रोग्यांमुळे. पहिला वालेरी ब्रूमेल. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या या खेळाडूचा पाय १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात चिरडला. अनेक शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्यावर तो १९६८ साली इलिझारोव्ह यांच्याकडे गेला आणि पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू शकला. दुसरा कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक. जुन्या अपघाताने त्याचा पाय आखूड झाला होता. १९८० साली तो कुर्गानला जाऊन बरा होऊन आला, आणि पुढच्याच वर्षी इटलीच्या शल्यतज्ज्ञांनी इलिझारोव्ह यांना आपल्या देशात पाचारण केले. तेथून ही पद्धती जगभर गेली. भारतातही ती रुजली, आणि महाराष्ट्रात अकोल्यासारख्या गावी डॉ. मिलिंद चौधरी यांनी तिचे केंद्र उभारले. पोलिओने किंवा अपघाताने आखूड झालेला पाय घेऊन येणाऱ्याला जवळच्या गावी हा उपचार मिळावा, यासारखी समाधानाची गोष्ट नाही.

परंतु जी विद्या आखूड पाय दुसऱ्याच्या बरोबरीला आणते, तीच दोन्ही निरोगी पाय सारखेच लांबवू शकते. येथून सौंदर्यासाठी होणाऱ्या उंचीवर्धनाचा अध्याय सुरू होतो. चीनमध्ये त्याचे पेव फुटले, अपघात वाढले, आणि २००६ साली तेथील सरकारने निव्वळ उंचीसाठी ही क्रिया करण्यास बंदी घातली. आपल्याकडे २०१६ साली हैदराबादेत एका तरुणाने घरी न कळविता ही शस्त्रक्रिया करून घेतली. आईवडिलांनी तक्रार केली आणि राज्याच्या वैद्यक परिषदेने शल्यतज्ज्ञाला निलंबित केले. त्या तरुणाला दोष देणे सोपे आहे. परंतु उंचीची रेघ समाज आणि सरकारही आखीतच असते. भारतीय पोलीस सेवेसाठी पुरुषाला १६५ आणि स्त्रीला १५० सेंटिमीटर उंची सर्वसाधारणपणे लागते, हे आपण सरकारी नोकर जाणतोच. विवाहाच्या जाहिरातींतील रेघ तर याहूनही निष्ठुर. कावसजीचे व्यंग शत्रूच्या सुरीने केलेले होते, ठेंगण्या मनुष्याचे व्यंग पाहणाऱ्यांच्या नजरेने केलेले असते. दुसरे दुःख खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र त्यावरच्या या उपायाची किंमत काय, हे सांगण्याचे कर्तव्य आहे.

ती किंमत महिन्यांत मोजावी लागते. पाच सेंटिमीटर वाढ हवी तर पन्नास दिवस केवळ नट फिरविण्यात जातात. नंतर ते कोवळे हाड टणक होण्यास त्याच्या सुमारे दुप्पट काळ लागतो, कधी त्याहून अधिक. हाड वाढते, पण पोटरीचे स्नायू तितक्या खुशीने वाढत नाहीत. ते ओढ घेतात, टाच उचलली जाते, गुडघा वाकलेला राहू पाहतो. म्हणून रोजचा व्यायाम, तो कितीही दुखला तरी, चुकविता येत नाही. तारांच्या छिद्रांची स्वच्छता रोज करावी लागते. रात्रीची झोप तुटते. स्नानगृहापर्यंत जाण्यास माणूस लागतो. घरापासून लपवून हे निभावणे किती कठीण, हे हैदराबादच्या प्रकरणावरून ध्यानी यावे.

पुढे हाडाच्या आत बसणाऱ्या आणि बाहेरून चुंबकाने लांबणाऱ्या पोलादी किंवा टायटॅनियमच्या सळया आल्या. त्यांनी पायाभोवतीचे कड्यांचे ओझे टळले, वाट पाहणे टळले नाही. अशी सळई कायमची ठेवण्यासाठी नसते; हाड पक्के झाल्यावर दुसरी शस्त्रक्रिया करून ती काढून घ्यावी लागते. 'स्ट्राइड' नावाची, पायावर पूर्ण भार देता येईल म्हणून वाखाणलेली सळई, तिच्या सांध्यापाशी हाडात विकृती दिसू लागल्याने २०२१ साली उत्पादकांना बाजारातून परत घ्यावी लागली. धातू शरीरात किती काळ ठेवावा, हा प्रश्न किती खरा आहे याचा हा पुरावाच.

लोखंड काढण्याचा दिवस रोगी बोटांवर मोजीत असतो, आणि नेमका तेथेच उतावीळपणा घात करतो. क्ष-किरणांच्या दोन चित्रांत हाडाच्या चार बाजू दिसतात. त्यांतील किमान तीन सलग व दाट दिसल्यावाचून कडी काढू नयेत असा प्रघात आहे. जाणते शल्यतज्ज्ञ त्याआधी काही आठवडे गज थोडे सैल करतात, म्हणजे भार हळूहळू हाडावर येऊ लागतो. घाई केली तर नवे हाड वाकते किंवा मोडते, आणि सारा प्रवास मुळापासून करावा लागतो. सळई व स्क्रू निघाल्यावरही त्यांची छिद्रे भरून येईपर्यंत हाड दुबळेच असते. त्या काळात धावणे, उड्या मारणे वर्ज्य, आणि काही दिवस पुन्हा कुबडी हाती घ्यावी लागते. बाहेरून पाय मोकळा दिसतो, आत काम चालूच असते.

पुण्याच्या कारागिराने पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली, आणि कुर्गानच्या डॉक्टरने हाड पक्के झाल्यावर तारा काढल्या. दोघांचेही कसब शेवटी हात कधी आवरावयाचा आणि कधी पुढे करावयाचा हे ओळखण्यात होते. आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी कधी या वाटेने जाण्याचा विचार बोलून दाखवील, तर त्याला हसू नये, रागावूही नये. पहिल्या शस्त्रापासून शेवटचा स्क्रू निघेपर्यंतचे महिने त्याच्यापुढे एकेक करून मांडावे, आणि त्या महिन्यांत त्याच्यापाशी कोण बसणार आहे, हे त्याला विचारावे.