निर्वारस धन आणि दुष्यंताचा प्रश्न

‘बेवारस’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. ज्याला वारस उरलेला नाही ते बेवारस. आणि ज्याचा वारस असूनही पुढे आलेला नाही, तेही बेवारसच. बोलण्यात हे अंतर सहज पुसले जाते. धनाच्या बाबतीत ते पुसले गेले तर लाभ कोणाचा होतो? ज्याच्या ताब्यात धन आहे त्याचा. म्हणजे बहुतेक वेळा राजाचा वा सरकारचा. म्हणूनच राज्यसंस्था हे अंतर कितपत पाळते, यावरून तिची नीती ओळखता येते.

धर्मशास्त्रकारांना याची जाणीव होती. धनी सापडत नाही असे धन राजाने तीन वर्षे ठेव म्हणून सांभाळावे, त्या अवधीत धनी आला तर ते त्याला द्यावे, त्यानंतरच स्वतः घ्यावे, असे मनुस्मृती सांगते. ‘हे माझे’ म्हणणाऱ्याला वस्तूचे रूप, संख्या इत्यादी सांगावी लागे. खोटा दावा करणारा दंडास पात्र ठरे. याज्ञवल्क्याने शुल्क-अधिकारी वा रक्षक यांनी आणलेल्या हरवलेल्या वस्तूंसाठी एकच वर्षाची मुदत दिली. मुदतीत फरक असला तरी तत्त्व एकच दिसते : राजा आधी राखणदार आहे, मालक नंतर.

या नियमाला माणसाचा चेहरा दिला तो कालिदासाने. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात अमात्याचे पत्र येते. धनमित्र नावाचा सागरी व्यापारी जहाज फुटून मरण पावला आहे, तो निपुत्रिक आहे, सबब त्याचे धन राजाकडे जाते. अमात्याचे गणित नियमाला धरून आहे. त्याच्या पत्नी हयात आहेत, पण त्या हिशेबात धरलेल्या नाहीत. याज्ञवल्क्याने निपुत्रिकाच्या वारसांत पत्नीला पहिले स्थान दिले आहे, हे लक्षात घेता नाटकातील व्यवहार त्याहून जुन्या वळणाचा वाटतो. दुष्यंत मात्र सही करून मोकळा होत नाही. तो विचारतो, त्याच्या पत्नींपैकी कोणी गर्भवती आहे का, पाहा. साकेतच्या श्रेष्ठीची कन्या गर्भवती असल्याचे कळते, आणि न जन्मलेल्या त्या जीवाला धनाचा अधिकार मिळतो.

या प्रश्नाची खोली मागच्या अंकामुळे कळते. स्वतःची गर्भवती पत्नी दारात उभी असताना ह्याच राजाने तिला ओळख नाकारली होती. आता आपला वंश खुंटला या दुःखात तो परक्याचा वारस शोधायला सांगतो. वारस आपण होऊन येईल याची वाट न पाहता राजा शोध घेतो, हे येथे महत्त्वाचे.

गुजरातेत बाराव्या शतकात चौलुक्य राजा कुमारपालाने निर्वारस धन घेण्याची प्रथाच बंद केली. त्या धनाला ‘रुदतीवित्त’, म्हणजे रडणाऱ्या स्त्रीचे धन, असे नाव होते. एका शब्दात सगळी टीका सामावली आहे.

याच्या अगदी उलट टोक महाराष्ट्राने पाहिले. १८४८ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. कंपनी सरकारने तो मानला नाही आणि राज्य खालसा केले. येथे वारस शोधणे दूरच, समोर असलेलाच अमान्य झाला. निर्वारस ठरवण्याचा अधिकार आणि त्यातून होणारा लाभ एकाच हाती असला की असे घडते.

स्वतंत्र भारतातही दोन्ही वृत्ती दिसतात. १९९९च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांकडील सात वर्षे न मागितलेला लाभांश गुंतवणूकदारांच्या शिक्षण व संरक्षणासाठीच्या निधीत जाई. मग त्यावर दावा चालत नसे. २०१३च्या कंपनी कायद्याने हा बंद दरवाजा उघडला. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बँकठेवी २०१४पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण ठेवीदाराचा वा वारसाचा हक्क बुडत नाही. आपल्याच बँकेत कागदपत्रांसह अर्ज करून रक्कम परत मिळवता येते. मनूची ‘रूप आणि संख्या’ आता ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला झाली आहे. मार्च २०२४अखेर या निधीत सुमारे ७८ हजार कोटी रुपये होते. २०२३ साली सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अनेक बँकांतील अशा ठेवी नावाने शोधता येतात. दुसरीकडे, विमा व अल्पबचतीतील पडून राहिलेल्या रकमा २०१५च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात आणि पंचवीस वर्षांत दावा न आल्यास सरकारच्या होतात.

मुदती लांबल्या, दरवाजे उघडले, हे खरेच. पण शोधाचा भार बव्हंशी वारसावरच राहिला. पतीचे खाते कोणत्या शाखेत होते हेच ठाऊक नसलेल्या विधवेला संकेतस्थळाचा उपयोग किती? हक्क कायम आहे, असे सांगणे हा न्यायाचा अर्धा भाग; ‘कोणी आहे का, पाहा’ हा उरलेला अर्धा. दुष्यंताने तो स्वतःकडे घेतला होता.