दूरच्या डोंगराचा निळेपणा
निसर्गचित्रात जवळ आणि दूर यांतील अंतर हवेच्या गुणधर्माच्या आधारे दाखवण्याच्या पद्धतीला वातावरणीय यथादर्शन म्हणतात. डोळा आणि डोंगर यांच्यामध्ये हवेचा थर जितका जाड असतो, तितका तिच्यात निळा प्रकाश अधिक विखुरतो. त्यामुळे दूरची रांग फिकट निळी भासते, तिच्यावरील छायाप्रकाशाचा विरोध मावळतो आणि पोत, म्हणजे खडक, गवत व झाडी यांच्या पृष्ठभागाचा खरखरीत वा मऊ स्पर्शभास, नाहीसा होतो. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या टिपणांत या नियमाची पद्धतशीर मांडणी केली होती.

भारतीय लघुचित्रांत दूरची वस्तू बहुधा चित्राच्या वरच्या भागात मांडून अंतर सुचवले जाई. मात्र अकबरकालीन मुघल चित्रकारांनी युरोपीय मुद्राचित्रे पाहून क्षितिजावरील नगरे धूसर रंगवण्यास आरंभ केला. मराठी मुलखात 1790 नंतरच्या दशकात ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने पुण्यात युरोपीय पद्धतीचे चित्रशिक्षण सुरू झाले आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या सहवासात गंगाराम तांबट यांनी ती पद्धत आत्मसात करून वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली.

1857 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे या शिक्षणाला स्थैर्य लाभले. जलरंगातील निसर्गचित्रात पांढरा रंग न मिसळता कागदाच्या शुभ्रतेतूनच उजेड साधायचा असल्याने, आधी पातळ, निळसर हात देऊन दूरचे डोंगर बसवणे, ते वाळल्यावर मधला पट्टा उबदार करणे आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कागदाच्या खरबरीत दाण्यावरून रंग ओढून पुढच्या खडकाचा पोत उठवणे, हा या माध्यमाला साजणारा क्रम होय. पोत आणि धूसरता हे दोन स्वतंत्र धडे नव्हेत. पुढचा कातळ जितका खरखरीत, तितकी मागची रांग खोल जाते.

हा धडा या मातीत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने चित्रकार आबालाल रहिमान यांच्याकडे जाते. जे. जे.मधील शिक्षणानंतर ते कोल्हापुरास परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला आणि 1931 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी तेथील कोटितीर्थ तळ्यासारखी एकच जागा वेगवेगळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगवली. युरोपातील आल्प्स पर्वताच्या हवेत पारखलेला हा नियम दख्खनच्या हवेला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण उन्हाळ्यातील धूळ क्षितिजाला पिवळसर करते, तर पावसाळ्यातील बाष्प हाकेच्या अंतरावरचे झाडही पुसट करते. हे जाणण्यासाठी एकाच तळ्याकाठी वर्षानुवर्षे बसणे आवश्यक होते, आणि त्या बैठकीतूनच शाळेतला नियम कोल्हापूरच्या परंपरेचा झाला.