लोहमार्गाच्या काठाने



इतिहास म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे सनावळी उभी राहते. आज मी तुम्हाला सायकलवर बसून वाचायचा इतिहास सांगणार आहे.

न्यूझीलंड देशात ओटागो नावाचा मुलूख आहे. तिथली एक आगगाडी १९९० साली बंद झाली. रूळ उचलले, भराव मात्र राहिला. २००० साली त्या भरावावर सायकलींसाठी सुमारे दीडशे किलोमीटरांची वाट खुली झाली. लोक चार-पाच दिवस त्या वाटेने जातात, आणि एकाच दिवसात ऊन, वारा, पाऊस तिन्ही अंगावर घेतात. आगगाडीला चढ सोसत नाही. म्हणूनच तिची वाट सायकलवाल्याच्या पायांना मानवते.

आपल्या वसई-विरारची आगगाडी काही बंद पडलेली नाही. तेव्हा रुळांवर वा रेल्वेपुलावर पाऊल टाकायचे नाही, हे मुलांना आधी बजावा. पण लोहमार्गाच्या आसपास गावरस्ते आहेत. त्यांनी नायगावहून डहाणूपर्यंत तीन दिवसांत सावकाश जाता येते.

या वाटेवर पाहायचे काय? पाहायचे ते पाणी.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनी १८५५ साली स्थापन झाली. तिचे अभियंते कर्नल केनेडी चढ टाळण्याबद्दल आग्रही होते. त्यामुळे गाडी समुद्राकाठच्या सपाटीने आली. १८६४ साली सुरत आणि मुंबई जोडली गेली. वाटेत घाट नाही, मग अडचण कसली? अडचण पाण्याची! दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, मधे खाजणे आणि मिठागरे. मग विलायतेत घडवलेले ओतीव लोखंडाचे खांब मळसूत्रासारखे फिरवून खाड्यांच्या चिखलात रोवले, आणि वर पूल बांधले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकाकडे गाडी सुरू झाली. तिच्या थांब्यांत पांजूचेही नाव आढळते. पांजू म्हणजे वसईच्या खाडीतले बेट, बरं का!

हेच पाणी १७३९ साली चिमाजी आप्पांपुढे होते. वसईच्या किल्ल्याला तिन्ही अंगांनी पाणी. फेब्रुवारीत वेढा पडला, मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. मृगाचा पाऊस उंबरठ्यावर होता; आणखी महिना गेला असता, तर तोफा चिखलात रुतल्या असत्या. आणि सोपारा? एके काळचे नामांकित बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तिथला स्तूप खणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पण खाडी गाळाने भरली आणि बंदराचे दिवस सरले. एका गावाला पाण्याने राखले, दुसऱ्याला पाठ फिरवून संपवले.

आता मोऱ्यांकडे पाहा. भराव घातला की डोंगराचे पाणी अडते. त्याला वाट द्यायला मोरी हवी. तुंगारेश्वराच्या डोंगराचे पाणी पश्चिमेला खाडीकडे जाऊ पाहते, आणि लोहमार्ग आडवा उभा आहे. पाऊस आणि भरती एका वेळी आली, तर मोरीतून पाणी पुढे जाईल कसे? खाजणांत भर पडत गेली, तशी पाणी पसरायची जागाही आक्रसली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारच्या रुळांवर पाणी चढले, गाड्या ठप्प झाल्या, उतारूंना बाहेर काढावे लागले. आगगाडी इथे टिकली ती पाण्याशी तह करून. तह मोडला की ते असे वसुलीला येते.

म्हणून सहल काढा ती हस्ताचा पाऊस सरता सरता. सकाळी दव, दुपारी चटका, संध्याकाळी ढगांचा गडगडाट, असे ते दिवस. विजा चमकू लागल्या की झाडाखाली थांबू नका. जवळची शाळा किंवा पक्के घर गाठा. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो, म्हणून मोठी मजल सकाळीच मारा. पहिला दिवस वसई आणि सोपाऱ्याचा. दुसऱ्या दिवशी विरारजवळच्या मारंबळपाड्याला जा. तिथून पलीकडच्या जलसारला वाहने नेणारी बोट एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. तिची वेळ आधी विचारून घ्या. पुढे सफाळे आणि केळवे. तिसऱ्या दिवशी पालघर. १४ ऑगस्ट १९४२ च्या पाच हुतात्म्यांना वंदन करून डहाणूची वाट धरा.

मुलांना वही द्या. किती मोऱ्या दिसल्या, कोणती वाहती, कोणती बुजलेली, हे लिहू द्या. तिथी विचारा : अष्टमीची भांगाची भरती की पुनवेचे उधाण? आणि वाटेत म्हातारी माणसे भेटली, तर एवढेच विचारा, "आजोबा, पूर्वी पाणी कुठून जायचं?" ते बोट दाखवतील, तिथे आज कदाचित इमारत असेल. तरी ती जागा नकाशावर मांडा आणि नकाशा ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नेऊन द्या. ती माणसे आहेत तोवरच हा इतिहास विचारता येईल. पाणी मात्र आपली जुनी वाट विसरत नाही.