पर्यावरणीय पदचिन्ह : जीवनशैली आणि सामाजिक पार्श्वभूमी

एखाद्या व्यक्तीच्या अथवा समाजाच्या उपभोगासाठी लागणारी शेतजमीन, कुरणे, वने, मत्स्यक्षेत्रे व बांधकामाखालील जागा, आणि इंधनाच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यास आवश्यक असलेले वनक्षेत्र, यांची बेरीज म्हणजे पर्यावरणीय पदचिन्ह होय. ही संकल्पना विल्यम रीस व मॅथिस वॅकरनेगल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विकसित केली. तिचे एकक ‘जागतिक हेक्टर’, म्हणजे जगातील सरासरी उत्पादकतेचे एक हेक्टर क्षेत्र.

भारताचे दरडोई पदचिन्ह अमेरिकेच्या मानाने फारच लहान असले, तरी राष्ट्रीय सरासरीमुळे देशांतर्गत विषमता झाकली जाते. मुंबईत वातानुकूलित घरात राहून मोटारीने व विमानाने फिरणारे कुटुंब आणि लोकलने कामावर जाणारे एका खोलीतील कुटुंब या सरासरीत एकाच मापाने मोजले जाते. जर्मनीत केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यक्तीचा एकूण ऊर्जावापर पर्यावरणविषयक आस्थेपेक्षा उत्पन्नावर अधिक अवलंबून असल्याचे आढळले.

लहान पदचिन्हामागे काटकसरही असते : जुन्या लुगड्यांचे थर टाके घालून शिवलेली गोधडी कापडाचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढवते. तथापि अशी काटकसर पुष्कळदा अभावातून आलेली असते आणि तिला पर्यावरणनिष्ठा म्हणून गौरवणे अन्यायाचे ठरते. चुलीत जळणाऱ्या लाकडाची नोंद पदचिन्हाच्या गणितात होते, पण त्याच चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जाणाऱ्या धुराची होत नाही.