मुदतीचा पोशाख आणि इतिहासाचा पुरावा

जुनीं वस्त्रें व जुन्या तसबिरी हीं इतिहासाचीं साधनें आहेत, हें आतां निराळें सांगावयास नको. परंतु वस्त्र जुन्या काळचें असणें आणि तें जुन्या काळाचें सोंग असणें, या दोहोंतील भेद कित्येक संग्राहकांच्या नजरेंतून सुटतो. हा भेद स्पष्ट करणारें एक प्रकरण लंडनांत १८९७ सालीं घडलें. त्यांतील छायाचित्रें व कांहीं मूळ पोशाख आजहि शाबूत असल्यामुळें तें आम्ही येथें विचारास घेतों.

त्या वर्षीं २२ जून रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या साठ वर्षांच्या राजवटीची मिरवणूक निघाली, आणि पाठोपाठ २ जुलैच्या रात्रीं डेव्हनशरच्या डचेसनें पिकॅडिलींतील आपल्या वाड्यांत नृत्यसमारंभ केला. पाहुण्यांनीं १८१५ च्या पूर्वींच्या ऐतिहासिक अथवा रूपकात्मक वेषांत यावें, अशी अट होती. पाहुणे सुमारें सातशें. कोणी एलिझाबेथ राणीच्या दरबारांतले, कोणी ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या, कोणी रशियाच्या कॅथेराइनच्या, असे गट आधींच पडले होते. यजमानीण स्वतः पाल्मिराची राणी झेनोबिया झाली. म्हणजे अनेक शतकांचे शेंकडों पोशाख एकाच रात्रीकरितां तयार व्हावयाचे, आणि तेहि उत्सवाच्या ऐन धामधुमींत!

पॅरिसचा वर्थ हा त्या काळचा अत्यंत नामांकित शिवणकारखाना. झेनोबियाचा पोशाख त्यानेंच केला. संस्थापक चार्लस फ्रेडरिक वर्थ १८९५ सालीं वारला होता. त्याचा मुलगा झाँ फिलिप यानें पुढें आपल्या आठवणी लिहिल्या, त्या १९२८ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाल्या. त्यांत मार्लबरोच्या ड्यूकाची हकीकत आहे. ड्यूकास पंधराव्या लुईच्या काळचा पोशाख हवा होता: गवती रंगाची मखमल, तिच्यावर रुपेरी भरत, मोतीं आणि हिरे. एकेक मोतीं व एकेक हिरा हातानें टांकावयाचा असल्यामुळें कित्येक मुली जवळजवळ महिनाभर त्या एकाच कामास बसल्या. बिल करावयास वर्थ स्वतःच कचरत होता. हात राखून आंकडा धरला, तरी तो पांच हजार फ्रँकांवर गेला.

येथें शिवणकामाचा क्रम ध्यानांत घेतला पाहिजे. भरत हें शिवलेल्या अंगरख्यावर होत नाहीं. कापड चौकटीवर ताणून, तुकडे जोडण्यापूर्वीं होतें. अर्थात् बेतणाऱ्यानें तुकड्यांची आंखणी प्रथम करून द्यावी, भरणारांनीं आठवडेच्या आठवडे घ्यावे, आणि उरलेल्या थोड्या दिवसांत शिवणारांनीं टीप घालावी, असा हा मामला. बेतणारा जुनीं चित्रें पाहात आठवडाभर थबकला, तर तो आठवडा भरणारांचा जातो. अशा वेळीं तो काय करील? आमचा तर्क असा कीं, गिऱ्हाइकाच्या नित्याच्या पोशाखाचा जो बेत त्याच्या हातीं तयार आहे, तोच तो घेईल, आणि प्राचीनता त्याच्यावर भरतानें चढवील. झेनोबियाच्या वेषांतील डचेसचें छायाचित्र पाहावें. तिसऱ्या शतकांतील सीरियाची ही राणी १८९७ सालच्या तंग काचोळीनें कंबर आवळून उभी आहे, आणि मस्तकीं शहामृगाचीं पिसें आहेत.

असल्या चुका अज्ञानाच्या खातीं टाकण्याची चाल आहे. ती आम्हांस पटत नाहीं. लंडनांत चित्रांचा व ग्रंथांचा तोटा नव्हता. तोटा दिवसांचा होता. शिवाय आपली बारीक कंबर पाल्मिरासाठीं सोडावयास कोणती सरदारीण तयार झाली असती, हाहि प्रश्न आहेच.

त्या रात्रीं वाड्याच्या बागेंत तंबू देऊन लाफाएत नांवाच्या छायाचित्रकारानें पाहुण्यांच्या तसबिरी घेतल्या. कांहींच्या मागाहून घेतल्या. निवडक २८६ तसबिरींचा संग्रह १८९९ सालीं खाजगी छापून निघाला. त्या पाहुण्यांत महाराज दुलीपसिंगांचे पुत्र व्हिक्टर हे अकबराच्या वेषांत होते. तसबिरीखालीं नांव आहे तोंवर ठीक. तें फाटून गेल्यावर शुक्तिरजतन्यायानें कोण काय म्हणेल याचा नेम नाहीं. आमच्याकडेहि असा अनुभव आहे. शिवछत्रपतींचें विश्वसनीय चित्र वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं पुढें आणीपर्यंत दुसऱ्याच माणसाचें चित्र महाराजांचें म्हणून घरोघर लागलेलें होतें.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं जुना अंगरखा, जामा किंवा शेला असेल, त्यांनीं त्यावरील चिठ्ठीपूर्वीं त्याची उलटी बाजू वाचावी. शिवणयंत्राचा प्रसार १८५० नंतरचा. दोन दोऱ्यांची, दोहों बाजूंस सारखी दिसणारी टीप मूळच्या मुख्य शिवणीवर आढळली, तर तें वस्त्र पेशवाईचें नव्हे. तीच टीप केवळ अस्तरावर वा ठिगळावर असेल, तर ती मागाहूनची डागडुजी असूं शकते. तेवढ्यावरून वस्त्र टाकून देऊं नये. तसेंच पहिला कृत्रिम जांभळा रंग पर्किननें काढला तो १८५६ सालीं. भरताचा दोरा शिवणीच्या आंत दुमडून गेला आहे कीं शिवणीपाशीं थांबला आहे, हेंहि पाहावें. त्यावरून भरत आधीं झालें कीं मागून, हें बहुधा कळतें. या तीन गोष्टी टिपून, मापांसह, आमच्याकडे पाठविल्यास आम्ही त्या पुढील अंकीं क्रमानें देऊं. वस्त्र मात्र धुऊन पाठवूं नये.