लगाम कोणाच्या हाती?

लगाम हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. घोडा उधळला तर लगाम खेचायचा, हे पोरासोरांनाही कळते. मोटार आली तेव्हा मात्र प्रश्न पडला, श्रोतेहो, की हा लगाम द्यायचा कोणाच्या हाती? चालकाच्या, पोलिसाच्या की यंत्राच्याच?

ब्रिटनने १८६५ मध्ये कायदा केला. वाफेच्या गाडीपुढे माणसाने लाल निशाण घेऊन चालायचे. वेग गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार. १८९६ मध्ये हलक्या मोटारींची या जाचातून सुटका झाली.

खरी झुंज झाली ती अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, १९२३ साली. पोरेबाळे मोटारींखाली सापडत होती. तेव्हा ४२ हजार नागरिकांनी सह्या करून मागणी केली, की ताशी २५ मैलांच्या वर जाऊच न देणारे यंत्र प्रत्येक मोटारीत बसवा. कल्पना काही अजब नव्हती. जेम्स वॅटने अठराव्या शतकातच वाफेच्या इंजिनाला दोन गोळ्यांचा नियंत्रक जोडला होता. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची वाट आवळली जाई. पण मोटारविक्रेते खडबडून जागे झाले. त्यांनी जोरदार प्रचार केला आणि मतदानात मागणी पडली. पुढे दोषच पायी चालणाऱ्याच्या माथी मारला गेला. वाटेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्यासाठी ‘जेवॉकर’ ही हेटाळणी तिथे रूढ झाली.

त्या मागणीत मला एक उणीव दिसते. सरळ चालवणारा आणि बेफाम हाकणारा, दोघांना एकच बेडी होती. शंभर वर्षांनी अमेरिकेने ती दुरुस्त करायला घेतली. २०२५ मध्ये व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी बेदरकार चालकांच्याच गाडीत वेगमर्यादक बसवण्याचे कायदे केले. उपग्रहाच्या मदतीने यंत्राला रस्त्याची मर्यादा कळते आणि ते गाडीला आवरते.

नुसता परवाना काढून घेतला, तर निर्ढावलेला माणूस तसाच गाडी हाकतो आणि पोटासाठी चालवणाऱ्याची चूल विझते. यंत्र दोन्ही टाळते. आपल्याकडे मालट्रक आणि बसगाड्यांना वेगनियंत्रकाची सक्ती आहे. खासगी मोटारीत मात्र नुसता इशारा वाजतो, मग तिचा मालक कितीदा का दंड भरेना! पगारी चालकाला लगाम आणि मालकाला मोकळे रान, हा न्याय मला पटत नाही.